'सेन्शर'ला मराठीत काय म्हणावे: निषेध, ठपका की निर्भर्त्सना?

प्रश्न : अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाविषयी मराठीत लिहिताना 'सेन्शर' या शब्दापाशी माझे दरवेळी अडते. (चित्रपटांना कात्री लावणारा सेन्सॉर तो हा नव्हे.) जून २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक सदस्य अ‍ॅडम शिफ यांच्याविरुद्धचा असा ठराव २१३ विरुद्ध २०९ मतांनी संमत झाला. त्याविषयी 'सभागृहाने शिफ यांचा निषेध केला' असे लिहिल्यास अर्थ पोहोचतो का? जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : पोहोचत नाही, असे माझे मत आहे. निषेध कोणीही कोणाचाही करू शकतो. दंडाला काळी फीत बांधून किंवा चौकात फलक लावून तो करता येतो, आणि ज्याचा निषेध झाला त्याच्या तो कानावर जाईलच असेही नाही. सेन्शर ही सभागृहाने आपल्याच सदस्याला दिलेली शिक्षा आहे. डिसेंबर २०१० मध्ये चार्ल्स रँगेल यांच्याविरुद्धचा ठराव ३३३ विरुद्ध ७९ मतांनी संमत झाला, तेव्हा स्पीकरच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत त्यांना एकट्याला उभे राहावे लागले आणि त्यांच्याच पक्षाच्या स्पीकर नॅन्सी पेलोसी यांनी तो ठराव त्यांच्या तोंडावर वाचून दाखवला. त्याआधीचे सेन्शर थेट १९८३ मधले होते, यावरून या शिक्षेचा त्या वेळचा दरारा लक्षात यावा. आपल्याकडे शासकीय सेवेतील शिस्तभंगाच्या किरकोळ शिक्षांमध्ये 'ठपका ठेवणे' अशी शिक्षा आहेच, तेव्हा 'जाहीर ठपका' म्हणावे.

उत्तर २ : 'निषेध' नको, हे मान्य, परंतु 'ठपका' या शब्दाला माझी हरकत आहे. मराठीत ठपका चौकशीनंतर ठेवला जातो, आणि 'चौकशी अहवालात ठपका' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की ठपका म्हटले की कोणीतरी कागदपत्रे तपासली असणार, असे वाचक गृहीत धरतो. रँगेल यांच्या बाबतीत ते खरे होते, कारण आचार समितीने चौकशी करून शिफारस केली होती. त्या समितीत दोन्ही पक्षांचे सदस्य समसमान, म्हणजे पाच-पाच असतात, त्यामुळे एका पक्षाच्या बळावर तिथे काही रेटता येत नाही. २०२१ पासूनची सेन्शरे मात्र समितीला वळसा घालून थेट सभागृहात आली. रिपब्लिकन पॉल गोसार यांच्यावर डेमोक्रॅटांचे बहुमत असताना, तर शिफ आणि २०२५ मध्ये अल ग्रीन यांच्यावर रिपब्लिकनांचे बहुमत असताना कारवाई झाली. शिफ यांच्या ठरावात तर आचार समितीने त्यांची चौकशी करावी असाही आदेश होता. म्हणजे आधी शिक्षा आणि मग चौकशी! याला ठपका म्हणणे म्हणजे न झालेल्या चौकशीचे वजन त्या ठरावाला बहाल करणे होय. मी 'निर्भर्त्सना' सुचवतो. समोर उभे करून बोल लावणे हा त्या शब्दाचा गाभा आहे, आणि ते बोल रास्त आहेत की नाहीत याची ग्वाही तो शब्द देत नाही.

जाता जाता 'आचार समिती'विषयी. 'नैतिकता समिती' हेही वाचनात येते, पण समितीचे २०११ पर्यंतचे नाव पदाला साजेशा आचरणाच्या निकषांवरून घेतलेले होते. त्यानंतर त्यात 'एथिक्स' आले. उलट २००८ मध्ये स्थापन झालेल्या, सदस्य नसलेल्यांच्या मंडळाकडे कारभार असलेल्या, सदस्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाच्या नावातले 'एथिक्स' जानेवारी २०२५ मध्ये जाऊन तिथे 'कंडक्ट' आले. या अदलाबदलीत 'आचार' दोन्हीकडे चालतो.

उत्तर ३ : आणखी एक पेच. प्रतिनिधिगृहात सेन्शरहून सौम्य 'रेप्रिमँड' आहे, ज्यात सदस्याला पुढे येऊन उभे राहावे लागत नाही. जानेवारी १९९७ मध्ये स्पीकर न्यूट गिंग्रिच यांना ३९५ विरुद्ध २८ मतांनी तो मिळाला आणि वर तीन लाख डॉलर भरावे लागले. याला 'समज दिली' म्हणवत नाही, कारण आपल्याकडे समज देऊन सोडून देतात. 'स्पीकर' हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवतो. 'लोकसभा अध्यक्ष' म्हटले की निदान संकेताने तरी पक्षापासून अलिप्त असलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. तिथला स्पीकर उघडपणे बहुमतवाल्या पक्षाचा सभागृहातील नेता असतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उत्तर २ मधील युक्तिवाद पटला, आणि त्यातच उत्तर ३ मधील पेचही सुटतो असे वाटते. गिंग्रिच यांची चौकशी आचार समितीने केली होती आणि शिक्षेची शिफारसही तिचीच होती, तेव्हा रेप्रिमँडला 'ठपका' आणि सेन्शरला 'निर्भर्त्सना' म्हणता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉर्ज सँटोस यांच्यावर दोन-तृतीयांश मतांच्या अटीने झालेली, सदस्यत्व काढून घेण्याची कारवाई ही 'हकालपट्टी'च. आठवड्याभरातच लोकसभेत महुआ मोईत्रा यांच्यावर झालेल्या कारवाईलाही तोच शब्द लागतो, 'निलंबन' नव्हे. शिफ यांच्याविषयीचे वाक्य आता असे लिहितो : 'चौकशीआधीच सभागृहाने चार मतांच्या फरकाने शिफ यांची निर्भर्त्सना केली.'