मदत हवी आहे: स्टॅटिस्टिक्स सोडू का? उद्या शेवटची तारीख

झुळूक
सोशिऑलॉजीसाठी कम्युनिटी कॉलेजला आहे, पुढच्या फॉलला यूसीत ट्रान्सफर करायचंय. स्टॅट्सच्या दुसऱ्या चाचणीत 52 आले. डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची नोंद) घेऊ का? काउन्सेलरची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळतेय. प्लीज लवकर सांगा.

रानपाखरू
यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे राज्य कळलं. सेमिस्टर की क्वार्टर? व्हिसा कोणता? एकूण युनिट (क्रेडिट) किती? आणि मार्कांची विभागणी कशी आहे?

आकडेमोड
सरळ सोड. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, एफ धरतात. स्प्रिंगला परत घे.

रानपाखरू
इतकं सोपं नाही. यूसीला ट्रान्सफरसाठी जे सात विषय लागतात, त्यांत गणिताचा एक लागतो, सोशिऑलॉजीवाले तो बहुधा स्टॅट्सनेच भागवतात. स्प्रिंग संपेपर्यंत त्यात किमान सी हवा. स्प्रिंगच्या वर्गात जागा नाही मिळाली तर वर्ष गेलं. शिवाय डब्ल्यूसुद्धा एक प्रयत्न म्हणून मोजतात, आणि एका विषयाला साधारण तीनच मिळतात.

बेएरियाकर
सीएसयूचाही (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) विचार कर, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सफरसाठीची पदवी) केलीस तर तिथे जागेची हमी असते. आणि एक वर्ष राहिलं की रेसिडेंट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागू होते, युनिटला 46 डॉलर. खूप वाचतात.

रानपाखरू
एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) ती कमी फी लागू होत नाही, कितीही वर्षं राहा. एच-4 चं (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वेगळं. म्हणूनच व्हिसा विचारला.

झुळूक
एफ-1. सेमिस्टर. 13 युनिट, त्यात स्टॅट्स 4, आणि 3 युनिटचा एक विषय ऑनलाइन. गृहपाठ 25 टक्के (90 आहेत), चाचण्या 20-20, फायनल 35. पहिलीत 70 होते.

रानपाखरू
उद्या काहीही ड्रॉप करू नकोस! 13 तून 4 गेले की 9 उरतात, एफ-1 ला 12 लागतात. डीएसओची (कॉलेजमधला परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारा अधिकारी) परवानगी आधी हवी. ती नंतर मागितली तर व्हिसाचं स्टेटस टिकत नाही.

आकडेमोड
मग लेट-स्टार्ट (उशिरा सुरू होणारा) ऑनलाइन 3 युनिटचा घे. 12 भरले.

रानपाखरू
नाही भरत. पूर्णवेळेच्या हिशोबात ऑनलाइन एकच वर्ग धरतात, तोही 3 युनिटपर्यंत. तिचा तो आधीच वापरलाय.
झुळूक, हिशोब बघ: 22.5 + 14 + 10.4 = 46.9. सी 70 ला असेल तर फायनलच्या 35 पैकी 23.1 हवेत, म्हणजे 66 टक्के. जमण्यासारखं आहे. कुठे अडतंय?

झुळूक
हायपोथिसिस टेस्ट. टी टेस्ट लावायची की झेड, इथेच चुकते.

आकडेमोड
लोकसंख्येचं प्रमाण विचलन गणितात दिलेलं असेल तर झेड. नमुन्यावरून काढलेलं असेल तर टी, डिग्री ऑफ फ्रीडम एन (नमुन्यातली संख्या) वजा 1. नमुना 25, सरासरी 52, नमुन्याचं विचलन 10, तपासायची सरासरी 48 घे. स्टँडर्ड एरर 10 भागिले 5 (25 चं वर्गमूळ), म्हणजे 2. फरक 4, तर टी 2.00. 24 डिग्रीला 5 टक्के दुतर्फी सीमा 2.064, म्हणून नल (खरी सरासरी 48 च आहे हे गृहीतक) फेटाळता येत नाही. झेडची 1.96 लावलीस तर फेटाळशील, निष्कर्षच उलटा. ओपनस्टॅक्सचं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक फुकट आहे, त्यातली एका नमुन्याची गणितं रोज पाच कर. आणि डीएसओला आज रात्रीच मेल टाक.