मदत हवी आहे : २४ डिसेंबरच्या रात्रीचं काय करू?

निशिगंध (१२ डिसेंबर)
नाशिकमध्येच राहते. दिवस कमी उरलेत म्हणून सरळ विचारते. यंदा पण मोठ्या भाऊजींनी २४ च्या रात्री गंगापूर धरणाकडचं फार्महाऊस बुक केलंय, डीजे, बार्बेक्यू, मुलांसाठी सांताक्लॉज, आम्ही सगळे मिळून २२ जण. मागच्या वर्षीही असंच झालं. २७ तारखेला मी सजावट काढायला बसले तर येशूजन्माच्या देखाव्याच्या, म्हणजे आमच्या गोठ्याच्या, खोक्यात तळाशी पेपरात गुंडाळलेली पुडी, उघडून बघते तर बाळयेशू. मारिया, योसेफ, मेंढपाळ, उंट सगळे चार दिवस हॉलमध्ये मांडलेले होते आणि मधली गव्हाण रिकामी, आणि २२ जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. हातात ती एवढीशी मातीची मूर्ती घेऊन मी खूप रडले. यंदा असं होऊ द्यायचं नाहीये. घरात नाताळ प्रभूचा कसा राहील? कोणी काय केलंय ते सांगा, लवकर.

जेलरोडकर
पार्टीला जाऊच नका. एवढं सोपं आहे. आम्ही ६ वर्षांपूर्वी घरातलं सांताक्लॉज प्रकरण पूर्ण बंद केलं, मुलं एक वर्ष रडली, आता नावही काढत नाहीत.

मोगरा७
मुलं केवढी आहेत? तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट? मिस्टरांचं काय म्हणणं? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

निशिगंध
सासर कॅथलिक, माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. माझी मुलगी ९ आणि मुलगा ६, जाऊबाईंची दोघं कॉलेजला. हे म्हणतात दादाला दुखवू नको. पण मला उपाय हवाय, चौकशी नको.

सिडको_आजोबा
आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांपासून, सुरुवात करायला हवी होती ताई, २४ ला एकदम जागं होऊन काय उपयोग. चार रविवार, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. दोन रविवार गेले तरी हरकत नाही, येत्या रविवारी तीन एकदम पेटवा आणि प्रार्थना करा.

जेलरोडकर
या मेणबत्त्या वगैरे कॅथलिकांच्या रूढी. बायबलमध्ये कुठे आहेत? वचन वाचा, बस.

सिडको_आजोबा
माहिती घेऊन बोला. मेणबत्त्यांचं ते चक्र १८३९ साली हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंटच, पाळकाने सुरू केलं. त्याच्या आश्रमातली गरीब मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. कॅथलिकांनी ते नंतर घेतलं. आमचा गोठा म्हणाल तर तो संत फ्रान्सिसचा, १२२३, इटलीत ग्रेच्चो गावी खरी गव्हाण आणि खरा बैल-गाढव उभा करून.

कृपा_भगूर
तारखेचं बोलायचं तर २५ डिसेंबर हीसुद्धा बायबलमध्ये नाही, रोममध्ये ३३६ सालापासूनची नोंद मिळते. मग मुळात नाताळ करायचाच कशाला हा माझा प्रश्न आहे.

मोगरा७
कृपा, तो वेगळा धागा काढा ना. बाईने विचारलंय काय.
निशिगंध, माझा अनुभव सांगते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत, १ तारखेपासून रोज एक घेतला की २४ च्या रात्री पूर्ण होतो. उद्यापासून धरलंत तर रोज दोन, तरी बसतो. मुलांकडूनच वाचून घ्यायचे, पाच-पाच ओळी. आमच्याकडे जेवायच्या आधी वाचतो, ताटं वाढून ठेवलेली असतात त्यामुळे कोणी लांबण लावत नाही.

निशिगंध
मुलाला ती भाषा कळतच नाही. उतारशाळा म्हणजे काय, बाळंतं म्हणजे काय, दर ओळीला थांबतो आणि मग कंटाळतो.

मखमलाबाद_वाला
मी ख्रिस्ती नाही पण राहवत नाही म्हणून लिहितो. पोरांना एकदा गोठ्यात न्या की. आमच्याकडे चार म्हशी आहेत. गव्हाण दाखवा, आत हात घालू द्या, कडब्याची धार बोटाला लागते, म्हशीच्या लाळेने कडा सगळ्या गुळगुळीत झालेल्या असतात, थंडीत सकाळी वाफा निघतात शेणाच्या. तान्हं मूल तिथे ठेवायचं म्हणजे काय वेळ आली असेल त्या आईवर, ते सांगावं लागणार नाही. बाळंतं म्हणजे तान्ह्याचं दुपटं.

मोगरा७
दादा, हे सगळ्यात छान.

शांतिसदन
घरात गाणी कोणती म्हणता? इंग्रजी कॅरोल लावून ठेवली की मुलं नुसती ऐकतात. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं घ्या, टाळ आणि पेटी असली की पुरे. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण भजन-कीर्तन सोडलं नाही, आपल्या चालीत प्रभू गायला. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

जुईली_बेकर
केक कोणाकडून घेता? अंड्याचा की बिनअंड्याचा? मी फराळाच्या ऑर्डर पण घेते, करंजी, चकली, कुलकुल.

जेलरोडकर
मी परत सांगतो, डीजेच्या जागी प्रभूचं नाव घेऊन उपयोग नाही. ठाम राहा. भाऊजींना स्पष्ट सांगा.

सिडको_आजोबा
असं ठाम राहून घरं तुटतात साहेब. ताई, २४ च्या संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नाताळचीच धरतात, ती सगळ्यांनी करा आणि मग फार्महाऊसला जा. पण एक सांगा, इतकी वर्षं बाळयेशू गव्हाणीत कोण ठेवायचं?

निशिगंध
सासरे. आमचे बाबा. मागच्या वर्षी मार्चमध्ये गेले. मूर्तीची पुडी त्यांच्याच खिशात असायची, रात्री मिस्साहून आलं की दार लावून आधी लूकचा दुसरा अध्याय वाचायचे, मग लहानात लहान मुलाच्या हातात ती द्यायचे, तोपर्यंत कोणी फराळाला हात लावायचा नाही. फार्महाऊस त्यानंतरच सुरू झालं.

मोगरा७
अगं हे आधी सांगायचं ना! म्हणजे तुझे भाऊजी नाताळ टाळत नाहीयेत, ते घर टाळतायत. बाबांची ती खुर्ची रिकामी बघवत नसेल.

सिडको_आजोबा
मग वाचायला त्यांनाच सांगा. थोरला मुलगा आहे, हक्क त्यांचा. भांडू नका, विचारा फक्त.

जेलरोडकर
हं. हे असेल तर वेगळं. माझे वडील गेले त्या वर्षी आम्हीही गोठा काढला नव्हता.

निशिगंध (१५ डिसेंबर)
काल फोन केला. जाऊबाईंनी उचलला, मग भाऊजींना दिला. मी सांगितलं की पुडी सापडली, २७ ला. ते काही बोललेच नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, बाबांचं बायबल माझ्या कपाटात आहे, चष्म्यासकट, पावणेदोन वर्षांत उघडलं नाही. फार्महाऊस रद्द नाही केलं, ॲडव्हान्स दिलाय म्हणाले, पण सगळ्यांनी संध्याकाळची मिस्सा करून आधी आमच्या घरी यायचं, नऊला, आणि मग निघायचं. वाचणार का ते मात्र सांगितलं नाही. मी मुलाला शनिवारी गोठ्यावर नेणार आहे. मखमलाबादवाले दादा, सकाळी किती वाजता आलेलं चालेल?

मखमलाबाद_वाला
धारा सहाला काढतो. साडेसहाला या, स्वेटर घालून.