'पऱ्हाटी' शोधून सापडत नाही, यादी साफ करायला काय वापरू?

गंगाथडी_परभणी:
मंडळी, आमच्याकडचे शेतीतले बोलीशब्द जमवतोय. दोनेक हजार नोंदी झाल्यात, गुगल शीटमध्ये. भरणारे चौघं. मी लॅपटॉपवर, दोघं मोबाइलवर, आणि एका सरांनी जुन्या फाँटातला मजकूर कन्व्हर्टरमधून काढून चिकटवलाय. आता 'पऱ्हाटी' शोधलं की एकच नोंद येते, डोळ्यानं बघावं तर तीन! डुप्लिकेट काढायला गेलो तर शीट म्हणतं, नाहीतच. फाँट बदलून झाला, स्पेस तपासून झाली. एखादं सॉफ्टवेअर सुचवा. फुकटातलं असलं तर बरं.

तिफण:
सॉफ्टवेअर नंतर. आधी शेजारच्या रकान्यात 'लेन' लावून तिन्हींची लांबी सांगा.

गंगाथडी_परभणी:
७, ८, ८. हे काय गौडबंगाल?

तिफण:
तीन जणांनी तो चंद्रकोरीचा र तीन तऱ्हांनी लिहिलाय. ७ वाल्यात ऱ हे एकच अक्षर आहे (यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ०९३१), मग हलन्त, मग ह. एका ८ वाल्यात साधा र आणि त्याच्याखाली सुटा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब (०९३सी; हे क्रमांक दहाच्या नाही, सोळाच्या पायावर मोजलेले असतात, म्हणून त्यांत 'सी'सारखी अक्षरंही येतात). दुसऱ्या ८ वाल्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. ऱ ची सोय नव्हती तिथं लोक असंच लिहायचे. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात, पण शोध बिचारा आकडे जुळवतो.

र + नुक्ता आणि ऱ हे यूनिकोडच्या लेखी एकच. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या 'यूनिकोडडेटा'नं एनएफसी केलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणली, की जुळून येतात. झेडडब्ल्यूजेवालं मात्र एनएफसी जसंच्या तसं सोडतं, ते हातानंच बदलावं लागतं.

बालाघाट_बीड:
एवढं कशाला? न दिसणारी अक्षरं सरसकट उडवा, मोकळे व्हा.

तिफण:
अजिबात नको! जोडक काढला की रफार चढतो आणि 'पर्हाटी' होतं. लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतील, मग पंगत कोण वाढणार?
शीटमध्ये सबस्टिट्यूट लावा. युनिकॅर (क्रमांकावरून अक्षर देणारं सूत्र, यात क्रमांक नेहमीच्या दहाच्या मोजणीत द्यायचे) २३५२, २३८१, ८२०५ म्हणजे र, हलन्त, जोडक ही तिकडी जिथं सापडेल तिथं २३५३, २३८१ म्हणजे ऱ, हलन्त. बाकीचे जोडक राहू द्या, कुणी मुद्दाम घातले असतील.
आणि इथून पुढं चौघांचा एकच नियम. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे, डी, यू, की झालं 'ऱ्ह'.

शायर_संभाजीनगर:
नुक्त्याचा विषय निघालाच आहे तर माझीही रड ऐका. सिराज औरंगाबादींचे शेर देवनागरीत उतरवतोय. 'ग़ज़ल'मधला ग़ अखंड टाइप केला आणि एनएफसी लावलं, तर जोडायचं सोडून त्यानं ग आणि नुक्ता असे दोन तुकडे केले. बिघडलं काय?

तिफण:
बिघडलं नाही. क़ ते य़ (०९५८ ते ०९५एफ) ही आठ अक्षरं मुद्दाम तुटकीच ठेवायची असं ठरलंय. ऱ त्या यादीत नाही म्हणून तो जुळतो. चमत्कारिक आहे खरं. तुम्ही शोधायचा शब्दही एनएफसीतून काढा, मग फरक पडत नाही.
गंगाथडी, 'ॲ' पण बघून घ्या. तो अखंड २००८ साली आला, त्याआधीचा मजकूर अ आणि वर ॅ असा असतो. तेही एनएफसी जुळवत नाही.

गंगाथडी_परभणी:
केलं! सबस्टिट्यूटनं एका झटक्यात बदललं, आणि पायथॉन भाच्याकडून चालवून घेतलं. तिन्ही पऱ्हाट्या ७ वर आल्या. सरांच्या मजकुरात 'अॅ' भरपूर निघाले, ते आज रात्री. एकानं 'पराटी' लिहिलंय, ते मात्र हलवत नाही, त्याच्या गावात तसंच म्हणतात.