‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’: खरी ताकद विडंबनात नाही, शेवटात आहे

निशिगंध

‘सिम्प्सन्स’ या अमेरिकन अ‍ॅनिमेटेड मालिकेच्या ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’ या हॅलोविन भागांचा विषय निघाला की बोलणं ‘हे कशावरून घेतलंय’ याच्यापुढे सरकत नाही. हा तुकडा दिग्दर्शक कुब्रिकचा, तो ‘ट्वायलाइट झोन’ या जुन्या अमेरिकन मालिकेचा, संपलं. मला ही ओळखपरेड दुय्यम वाटते आणि या भागांवर ती अन्याय करते असंही वाटतं.

कौटुंबिक विनोदी मालिकेत प्रेक्षकाला एक हमी असते. बावीस मिनिटांत काहीही घडो, शेवटी सगळे त्याच सोफ्यावर. बाप होमरने अणुवीज प्रकल्पात कितीही गोंधळ घातला तरी पुढच्या भागात तो कामावर हजर, आणि मुलगा बार्ट कायम दहा वर्षांचाच. २५ ऑक्टोबर १९९० ला, मालिकेच्या दुसऱ्याच हंगामात, पहिला हॅलोविन भाग लागला आणि तीन छोट्या गोष्टींपुरती ही हमी काढून घेतली गेली. या गोष्टी मूळ कथानकात धरत नाहीत, त्यामुळे लेखकांना हव्या त्या जागी थांबता येतं. माझ्या मते या भागांचं सगळं मोठेपण या सवलतीत आहे.

१९९१ च्या भागातली बार्टची गोष्ट घ्या. त्याच्या मनात येईल ते घडतं, सगळं गाव त्याच्या धाकात हसतमुख राहतं. पुढे समुपदेशकाच्या सल्ल्याने बापलेक एकत्र वेळ घालवतात, जवळ येतात, एकमेकांवरचं प्रेम बोलून दाखवतात. आणि त्या क्षणी बार्ट किंचाळत जागा होतो! एरवीच्या कुठल्याही भागात हाच गोड शेवट असता, डोळे ओलावणारं संगीत वाजलं असतं. इथे तो गोडवाच दुःस्वप्न आहे. यात विडंबन भयकथेचं कमी आणि कौटुंबिक मालिकेचं जास्त आहे.

पहिल्याच भागातलं झपाटलेलं घरही तसंच. भिंतींतून रक्त येतं, घर सगळ्यांना एकमेकांवर सुरे उगारायला लावतं. अशा कथेत कुटुंबाने पळ काढायचा असतो. इथे आई मार्ज घरालाच खडसावते की आता आपल्याला एकत्र राहायला शिकावं लागेल. घर विचार करायला वेळ मागून घेतं आणि सिम्प्सन्सबरोबर राहण्यापेक्षा स्वतःला नष्ट करणं पसंत करतं.

कातरवेळ

अजिबात पटलं नाही. हमी काढून घेतली म्हणता, पण मग भीती कुठे आहे? १९९४ च्या भागात माळी विली तिन्ही गोष्टींमध्ये मदतीला धावून येतो आणि तिन्ही वेळा पाठीत कुऱ्हाड खाऊन मरतो. दुसऱ्या वेळेपासून आपण कुऱ्हाडीची वाट बघायला लागतो. ज्या गोष्टीत कुणीही कधीही मरू शकतं आणि पुढच्या गोष्टीत धडधाकट उभं राहतं, तिथे मरणाला किंमत उरत नाही. तुमची ‘सवलत’ भयाचा पायाच काढून घेते.

हॅलोविनवरचा खरा चांगला भाग बघायचा तर २०१५ चा ‘हॅलोविन ऑफ हॉरर’ बघा. तो ‘ट्रीहाउस’ मालिकेतला नाही, मूळ कथानकातला आहे. होमरची मुलगी लिसा एका भीतिदायक जत्रेत खरोखर हादरते. तिच्यासाठी घरावरची सगळी सजावट उतरवावी लागते, बार्ट चिडतो, आणि होमरमुळे नोकरी गेलेले काही लोक सूड घ्यायला रात्री घरात शिरतात. होमर आणि लिसा माळ्यावर लपतात. एकही भूत नाही, एकही परग्रहवासी नाही. आठ वर्षांच्या मुलीची भीती गंभीरपणे घेतली आहे आणि बापाला त्या रात्री शहाण्यासारखं वागावं लागतं. मला तो पुन्हा बघतानाही धडधडतं, कारण ही लिसा उद्या शाळेत जाणार आहे आणि आजचं तिच्या लक्षात राहणार आहे.

दोन नंबरचा बाक

कातरवेळ, ‘हॅलोविन ऑफ हॉरर’ मलाही आवडतो. पण तो घरफोडीचा थरार आहे, आणि त्यात सगळे सुखरूप सुटणार हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. हमी तिथेच तर आहे!

‘ट्रीहाउस’चं मूळ दुसरीकडे आहे. १९५०च्या दशकातली ईसी कंपनीची भयकथांची कॉमिक्स, ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ वगैरे. श्रेयनामावलीत मालिकेचा निर्माता मॅट ग्रेनिंगचा ‘बॅट ग्रेनिंग’ होतो ती पद्धतही तिकडचीच. त्या कॉमिक्समध्ये साधारण एक न्याय असायचा: बायकोला मारणारा, सावकारी करणारा, लबाड माणूस शेवटी भयानक मरायचा. वाचकाला भीतीबरोबर थोडं समाधानही मिळायचं. ‘ट्रीहाउस’ने हा न्याय उलटा करून टाकला, आणि माझ्या दृष्टीने त्यातलं हेच सगळ्यात धाडसी आहे.

१९९१ मधला माकडाचा पंजा आठवा. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या १९०२ च्या कथेत प्रत्येक इच्छेची भयंकर किंमत मोजावी लागते. इथे लिसा जगात शांतता मागते, किती निर्मळ मागणी! सगळे देश शस्त्रं टाकतात आणि कँग व कोडोस हे परग्रहवासी गलोल आणि सोटा घेऊन पृथ्वी जिंकतात. इतकं झाल्यावर होमर वैतागून तो पंजा शेजारच्या फ्लँडर्सला देतो. फ्लँडर्स परग्रहवाल्यांना हाकलतो, वर स्वतःच्या घराचा राजवाडा करून घेतो, आणि त्याला कसलीही किंमत मोजावी लागत नाही. मूळ कथेत नियतीशी खेळू नये असं बजावलेलं होतं. इथे नियती फक्त सिम्प्सन्सवरच डूख धरून आहे. हे मला जास्त घाबरवतं, कारण जग असंच चालताना दिसतं.

पडघम

निशिगंध, ‘कशावरून घेतलंय’ याला दुय्यम म्हणू नका. आपल्याकडच्या प्रेक्षकाचा अनुभव वेगळाच आहे. स्टार वर्ल्डवर ‘सिम्प्सन्स’ बघत मोठे झालेल्या आमच्यातल्या बऱ्याच जणांनी आधी नक्कल पाहिली आणि अस्सल नंतर. १९८० चा ‘द शायनिंग’ मला ‘द शिनिंग’ या ‘ट्रीहाउस’मधल्या तुकड्यामुळे कळला. ‘ट्वायलाइट झोन’ हे नाव माझ्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं, पण विमानाच्या पंखावर बसलेलं भूत शाळेच्या बसवर बसलेलं पाहून आम्ही मुलं हैराण झालो होतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: मूळ कृती न पाहिलेल्याला तो तुकडा पुरतो का? ‘द शिनिंग’ पुरतो. निर्जन हॉटेलात होमर वेडा होतो, का? तर त्याचा मालक बर्न्सने केबल तोडली आणि बिअर हलवली म्हणून. मूळ सिनेमात माणूस आतून कुजत जातो; इथे टीव्ही आणि बिअर काढून घेतली की आत काही उरतच नाही. शेवटी बर्फात विलीचा छोटा टीव्ही सापडतो आणि होमरची मारण्याची इच्छा ओसरते. सगळे पडद्याला चिकटून जागच्या जागी गोठतात. कुब्रिक माहीत असो नसो, हे भिडतं.

अलीकडच्या भागांमध्ये मला हेच सापडत नाही. २०२२ मध्ये ‘डेथ नोट’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवर केलेला ‘डेथ टोम’ बघा. चित्रं देखणी आहेत, मूळ अ‍ॅनिमेवर काम केलेल्या डीआर मूव्ही या कोरियन स्टुडिओकडून करून घेतलेली. पण मूळ मालिका माहीत नसेल तर हातात काय लागतं? ओळखीच्या पात्रांना नवा पोशाख.

तिसरी घंटा

‘डेथ टोम’वर हा अन्याय आहे. ‘ट्रीहाउस’मध्ये रूप बदलणं हा सुरुवातीपासून कथेचाच भाग आहे. १९९५ चा ‘होमर क्यूब्ड’ पाहा. मार्जच्या बहिणींना टाळायला होमर कपाटामागे लपतो आणि तिसऱ्या मितीत जाऊन पडतो. पॅसिफिक डेटा इमेजेसने संगणकावर केलेलं ते दृश्य ऑक्टोबर १९९५ मध्ये लागलं, ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण संगणकावर केलेला सिनेमा नोव्हेंबरात आला. म्हणजे दूरचित्रवाणीवरच्या सपाट माणसाला पोट किती पुढे आलंय हे कळतं ते प्रेक्षकांना हे तंत्र सवयीचं होण्याच्या आधी! मूळ ‘ट्वायलाइट झोन’मध्ये लहान मुलगी दुसऱ्या मितीत हरवते आणि तिला परत आणतात. होमर परत येत नाही. तो आपल्या जगात, खऱ्या माणसांच्या रस्त्यावर येऊन आदळतो. लिसाला अ‍ॅनिमेच्या रेषांमध्ये टाकणं हीही तीच परंपरा आहे. ती एरवी जगाचं भलं चिंतणारी मुलगी. तिच्या हातात मृत्यूची वही दिली की चांगुलपणा कुठवर ताणतो, हा प्रश्न ‘डेथ नोट’ न पाहताही समजतो.

पडघम

होमर क्यूब्डमध्ये तंत्राशिवाय गोष्टच नाही, तंत्र काढा, काही राहत नाही. लिसाची वहीची गोष्ट नेहमीच्या चित्रशैलीतही तशीच सांगता आली असती. फरक तिथे आहे.

उंबरठा

कुणीच चौकटीबद्दल बोललेलं नाही, आणि माझ्या मते सगळं तिथे अडलंय. पहिल्या भागात मुलं झाडावरच्या घरात बसून एकमेकांना गोष्टी सांगतात, म्हणून तर हे नाव. १९९१ मध्ये अति गोड खाऊन पडलेली स्वप्नं, १९९३ मध्ये बार्ट चित्रांच्या दालनातून हिंडत एकेक गोष्ट दाखवतो. वेताळ पंचविशी वाचून वाढलेल्याला हे सांगायला नको: गोष्ट कोण, कुणाला आणि का सांगतंय यावर तिचं वजन ठरतं. १९९४ पासून ही चौकट गेली. वेळ वाचला असेल, पण तीन सुटे तुकडे हातात आले आणि ऐकणारा हरवला.

ऐकणाऱ्यामुळे काय होतं ते पहिल्या भागातल्या ‘द रेव्हन’मध्ये दिसतं. एडगर अ‍ॅलन पोची १८४५ ची कविता जवळजवळ तिच्या शब्दांत, जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात. कावळ्याला बार्टचा चेहरा. विनोदी मालिकेने एवढा विश्वास एका जुन्या कवितेवर टाकावा याचं मला आजही कौतुक वाटतं. बार्टला ती मुळीच भीतिदायक वाटत नाही. लिसा त्याला समजावते की तेव्हाची माणसं बहुधा लवकर घाबरत असतील. मुलं जाऊन शांत झोपतात. झाडाबाहेर चोरून ऐकणाऱ्या होमरला मात्र रात्रभर झोप नाही.

त्याच भागातली परग्रहवाल्यांची गोष्टही झाडावर बसून सांगितली जाते तेव्हा नीट लागते. कँग आणि कोडोस कुटुंबाला यानात नेऊन भरपेट जेवू घालतात. लिसाला पाककृतींचं पुस्तक सापडतं, ‘माणसं कशी शिजवावीत’. धूळ झटकली की ‘माणसांसाठी कसं शिजवावं’. आणखी झटकली की ‘चाळीस माणसं कशी शिजवावीत’. शेवटी ‘चाळीस माणसांसाठी कसं शिजवावं’. ‘ट्वायलाइट झोन’मध्ये १९६२ साली असंच पुस्तक शेवटचा धक्का देतं. इथे धक्का असा की पाहुणचार खरा होता, आणि संशय घेतला म्हणून स्वर्गासारखं आयुष्य हातचं गेलं.

कातरवेळ

उंबरठा, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. ‘द रेव्हन’मध्ये घाबरतो तो गोष्टीबाहेरचा होमर, ज्याला सकाळी उठून जगायचं आहे. गोष्टीतल्या होमरला काही झालं तरी चालतं. भीतीला मागे राहणारा माणूस लागतो. २०१५ चा भाग सगळाच त्या बाहेरच्या जगात घडतो म्हणून तो पोचतो.

निशिगंध

मग १९९१ च्या भागातल्या तिसऱ्या गोष्टीचं काय करायचं? बर्न्स होमरचा मेंदू यंत्रमानवात बसवतो, तो फसतो, होमर घाबरून जागा होतो. इथवर ते स्वप्न आहे. पण जागा झाल्यावर त्याच्या खांद्यावर बर्न्सचं डोकं शिवलेलं आहे. हे चौकटीत घडतं, तुम्ही म्हणता त्या बाहेरच्या जगात. वर पुढच्या आठवड्याची झलक दाखवतात: होमरला लिसाच्या शाळेतल्या जेवणावळीला जायचंय, खांद्यावरच्या बर्न्सला नेदरलँड्सच्या राणीच्या स्वागताला. मालिकेने स्वतःच दाखवून दिलंय की मागच्या आठवड्याचं पुढे आलं तर काय होईल. मला त्यात तुमच्या लिसाच्या माळ्याइतकंच अस्वस्थ करणारं काही दिसतं.

कातरवेळ

ती झलक खोटी आहे हे माहीत असतं म्हणून हसू येतं. पुढच्या भागात खांदा मोकळा असणार याची मला तेवढीच खात्री असते जेवढी सोफ्याची. लेखकांनी ते डोकं खरंच एक भाग, नुसता एकच भाग, तसंच ठेवलं असतं, तर मी तुमच्या बाजूने आलो असतो. त्यांनी तसं केलं नाही. २०१५ मध्ये निदान एक पाऊल टाकलं.

दोन नंबरचा बाक

आणि ते पाऊल टाकल्यावर त्याच हंगामात, आठवडाभरातच, नेहमीचा ‘ट्रीहाउस’ लावला. दोन्ही लागतात त्यांना. मी या वर्षी दोन्ही पाठोपाठ बघणार आहे, आधी ‘ट्रीहाउस’.