मदत हवी आहे : पडद्यावरची झळाळी छपाईत कशी टिकवावी?
नमस्कार. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर तरंगणारे महाकाय अंतराळयान, असे चित्र मी क्रिटा या संगणकावर चित्र रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ए२ आकारात, ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ४९६१ × ७०१६ पिक्सेलमध्ये रंगवत आहे. प्रकाशाची दिशा ठरवण्याआधीच यानाचे बारकावे रंगवल्याने दोनदा सारे पुसावे लागले. आता आधी करड्या छटांत उजेड-सावली बसवतो, आणि दूरचे भाग फिकट, निळसर ठेवल्यावर यान खरोखर अवाढव्य वाटू लागले. (दरवाजाचे अणकुचीदार खिळे मात्र एकेक करून रंगवले, हा निव्वळ हट्ट!) अडचण अशी की, इंजिनाचा झळाळता निळा प्रकाश आरजीबीतून (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीतून) सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) जाताच मळकट होतो. सॉफ्ट प्रूफिंग करून, म्हणजे छपाईत रंग कसे दिसतील ते पडद्यावरच पाहून, रंग आधीच बदलावेत, की भोवतालचा भाग गडद करून झळाळीचा भास निर्माण करावा? पुण्यात छोटी नमुना-प्रत काढून देणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे.