इनामगावच्या दफनांतील तोडलेली पावले : हेतू कसा ठरवतात?

शंकेखोर :
शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननाविषयी वाचत आहे. तेथील ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील) प्रौढांना डोके उत्तरेकडे करून पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मृताने भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून असे करीत, हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. हाडांवरून पाऊल तोडल्याचे कळेल. भीती कशी कळते?

खापरवेडा :
भीती थेट कळत नाहीच. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर हॉक्स यांनी १९५४ मध्ये याची उतरंडच मांडली होती : वस्तू कशी घडवली हे ठरवणे सर्वांत सोपे, उपजीविका त्याहून कठीण, समाजरचना आणखी कठीण आणि श्रद्धा सर्वांत दुष्कर. तरीही हा तर्क निव्वळ हवेत नाही. ही दफने घरातल्या जमिनीखाली आहेत, शेजारी भांडी ठेवलेली आहेत; नकोसे झालेल्या माणसाला कोणी घरात पुरून त्याच्यासाठी भांडी ठेवणार नाही. म्हणून मृताला हाकलण्यापेक्षा जवळ राखण्याचा हेतू अधिक संभवतो.

पांढरीची माती :
यात अपवादांकडे पाहावे. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत आणि त्यांची पावले तोडत नसत. चालता न येणाऱ्याला अडवायचे कशाला, असे म्हणता येते. परंतु पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचीही पावले शाबूत आहेत. उत्खननकर्त्यांनी त्याला गावप्रमुख मानले, कारण घर मोठे, वस्तीच्या मध्यभागी आणि धान्यकोठाराचे होते. मग पावले का राखली? मानामुळे, की रांजणातून तो जाणार नव्हता म्हणून? दोन्ही उत्तरे चपखल बसतात, आणि मला तर हीच या तर्काची कमजोरी वाटते.

खापरवेडा :
मान्य. त्याच गावची शिरोविहीन स्त्रीमूर्ती घ्या. तिच्या पोटाला भोक आहे, सोबतच्या बैलाच्या पाठीला भोक आहे आणि काडी घातली की ती त्यावर बसते. हे बसवणे घडवणाऱ्याच्या मनात होते, याविषयी शंका उरत नाही. ती मातृदेवता होती हा निष्कर्ष मात्र पुढच्या काळातील लज्जागौरीसारख्या (शिर नसलेल्या मातृदेवतेच्या) मूर्तींच्या साम्यावर उभा आहे, आणि मध्ये हजाराहून अधिक वर्षे आहेत. ‘देवता असावी’ असे लिहिणे मी समजू शकतो. ‘देवता होती’ असे लिहिण्याइतका पुरावा नाही.