फायर ब्रिगेडमधला दम पंचावन्नपर्यंत टिकवायचा कसा? (बडोदे)

वॉच_बडोदे

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका फायर स्टेशनच्या शिफ्टसाठी व्यायामाचं वेळापत्रक बसवायचं आहे. १४ जवान, वय २४ ते ५४. ड्युटी २४ तासांची. जिम नाही. चार मजली ड्रिल टॉवर, मोकळं अंगण, रद्द झालेले ६३ मिमीचे होज (पाण्याचे पाइप), ट्रॅक्टरचे दोन टायर, जाड दोर आणि मुद्गलांची एक जोडी एवढं सामान आहे. काम सगळ्या तऱ्हेचं: मांडवीकडच्या पोळातले (जुन्या दाट वस्तीतले) अरुंद जिने, अलकापुरीकडच्या उंच इमारती, मकरपुरा आणि नंदेसरीचे कारखाने, पावसाळ्यात विश्वामित्रीचा पूर.

भरतीच्या वेळी सगळे धावतात, दोर चढतात. कायम झाल्यावर कोणी मोजत नाही. नेमकं काय मोजावं? ड्युटीवर किती घाम गाळावा, म्हणजे तासाभराने कॉल आला तर पाय गळणार नाहीत? आणि चाळिशीनंतर काय सोडावं, काय अजिबात सोडू नये? एकाचे गुडघे बैठकांनी दुखतात, दोघांना बीपीची गोळी सुरू आहे.

ड्रिल_टॉवर

आधी काम किती जड आहे ते आकड्यात मांडा, व्यायाम त्यातूनच ठरतो. सूट, हेल्मेट, गमबूट आणि बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) मिळून अंगावर २० ते २५ किलो येतात. ६३ मिमीच्या होजची १५ मीटरची लांबी भरली की आत सुमारे ४७ लिटर पाणी असतं. म्हणजे होज आणि कपलिंग सोडून नुसतं पाणीच ४७ किलो, आणि ते ओढत जिना चढायचा. २० मिमीच्या नॉझलवर ७ बार दाब असेल तर ब्रांच (हातात धरायची होजच्या टोकाची नळी) साधारण ४५ किलोच्या जोराने मागे ढकलते. इथे नुसते दंड फुगवून भागत नाही. मांड्या, कंबर, पकड आणि छातीतला दम एकदम लागतात.

आता मोजायचं काय? माझं ठाम मत: हवा मोजा. ६.८ लिटरचा सिलेंडर ३०० बारला भरला की कागदावर २०४० लिटर हवा होते (इतक्या दाबाला हवा हिशोबाइतकी दबत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात १८५० ते १९०० धरा). हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते. शिट्टीपर्यंत वापरायला कागदी हिशोबाने १६६६ लिटर. मिनिटाला ४० लिटर ओढणाऱ्याला ती ४१ मिनिटं पुरते, ६० ओढणाऱ्याला २७, ८० ओढणाऱ्याला जेमतेम २०. "४५ मिनिटांचा सेट" हे नाव पहिल्यासारख्या शांत श्वासासाठी आहे. सिलेंडर तोच, फरक माणसाच्या दमात.

चाचणी अशी घ्या. पूर्ण सूट, सेट आणि मास्क लावून गेजचा आकडा लिहा. घड्याळ लावून ८ मिनिटं एक ठरलेला फेरा: होजची गुंडाळी खांद्यावर घेऊन टॉवर दोनदा चढणं-उतरणं, भरलेला होज ३० मीटर ओढणं, ७० किलोची डमी १५ मीटर मागे खेचणं, उरलेला वेळ चालत राहणं. परत गेज लिहा. ३०० चा २२० झाला तर ८० गुणिले ६.८ म्हणजे ५४४ लिटर, भागिले ८, म्हणजे मिनिटाला ६८ लिटर. प्रत्येकाचं पान वेगळं ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तोच फेरा, तेवढाच वेळ, शक्यतो त्याच वेळी घ्या. शेजाऱ्याशी तुलना करू नका, धिप्पाड माणसाला हवा जास्तच लागते. त्याचाच मागचा आकडा बघा. दाढीचे खुंट असतील तर मास्कच्या कडेने हवा गळते आणि आकडा खोटा येतो.

एक धोका आहे. आकडा सुधारायला काही जण श्वास रोखून धरतात. ते तिथल्या तिथे थांबवा. कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं ठणकतं, जीव घाबरा होतो आणि मग दुप्पट हवा जाते. श्वास सोडणं लांबवायचं, घेणं अडवायचं नाही.

सेटशिवायची चाचणी हवी असेल तर १२ मिनिटांची धाव. या कामाला ऑक्सिजनची ४२ ही पातळी (वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त ४२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरता येणं) चांगली समजतात, आणि ती १२ मिनिटांत साधारण २४०० मीटर धावण्याइतकी होते. २१०० मीटर म्हणजे ३५-३६. त्याच्या खाली जो आहे त्याला आत पाठवण्याआधी चार महिने दमावर काम द्या.

ड्युटीचा नियम साधा: ड्युटीवर ताकदीच्या सात आण्यांपेक्षा जास्त खर्च नाही. सकाळच्या हजेरीनंतर ३५-४० मिनिटं, आणि संपल्यावर लगेच एक टॉवर चढता आला पाहिजे. दम निघेपर्यंतचं धावणं, जड वजन, हे सुट्टीच्या दिवशी. रात्रभर कॉल झाले असतील तर दुसऱ्या दिवशी नुसतं चालणं आणि झोप. झोप नसताना केलेल्या जड व्यायामातूनच कंबर धरते.

मुद्गल_जोडी

तुमच्या स्टेशनात मुद्गल आहेत हे वाचून बरं वाटलं. जुम्मादादा व्यायाम मंदिर ज्या गावात आहे, त्या गावाला डंबेलवाचून अडायला नको.

मुद्गल जड घेऊ नका, जोडीतला एक ४-५ किलोचा पुरे. छत उकरताना, भिंत फोडताना हात डोक्याच्या वर बराच वेळ लागतात आणि खांदा तिथेच जातो. मुद्गल पाठीमागे लोंबता सोडून पुन्हा पुढे आणताना खांद्याची वाटी सगळ्या बाजूंनी फिरते. कोपर कानाजवळ, बरगड्या पुढे काढायच्या नाहीत, दोन्ही बाजूंनी २०-२० फेरे, तीन वेळा. कंबर मागे वाकायला लागली की समजा मुद्गल जड आहे.

गुडघ्यांबद्दल. आखाड्यातली बैठक टाचा उचलून, तळापर्यंत आणि शेकड्यांनी मारतात. विशीत ती पचते. चाळिशीत ८५ किलोच्या माणसाने ती मारली की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाऊन घासते. बैठक बंद करू नका, बदला. टाचा जमिनीवर, मागे स्टूल आहे असं समजून बसा, मांडी आडवी होण्याच्या जरा आधी थांबा. १२-१२ च्या तीन खेपा. त्यासोबत २० सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायाने चढायचं आणि उतरताना तीन मोजत सावकाश उतरायचं. जिना चढल्याने गुडघे बिघडत नाहीत, ओझं घेऊन धपाधप उतरल्याने बिघडतात.

आणि गाडीतून उडी मारणं! पाठीवर सेट, पायात गमबूट, खाली ओला रस्ता. प्रत्येक कॉलला तीन फुटांवरून उडी मारली तर पंचवीस वर्षांत गुडघ्याची, टाचेची काय दशा होईल? गाडीकडे तोंड करून, दांडा धरून, एकेक पायरी उतरा. दोन सेकंद जास्त लागतात.

पकडीसाठी ओल्या होजची गुंडाळी दोन्ही हातांत एकेक धरून अंगणात ४० मीटरच्या चार फेऱ्या. नंतर एकाच हातात धरून तसंच, खांदे समतोल ठेवत. जिन्यावरून माणूस उतरवताना वजन नेहमी एकाच बाजूला येतं, म्हणून हे लागतं. पोत्यात २५ किलो कोरडी वाळू भरून जमिनीवरून छातीपर्यंत उचला, ८ वेळा. वाळू ओली झाली तर वजन बरंच वाढतं, तेव्हा आत प्लॅस्टिकची पिशवी घाला.

वॉच_बडोदे

हवेचा हिशोब डोक्यात बसला. उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो, त्यात सूट. आणि गोळी घेणाऱ्या दोघांना चाचणीला उभं करायचं की नाही?

नाडी_बघणारी

त्या दोघांना आधी डॉक्टरकडे, मग चाचणीला. आणि चाळिशीच्या पुढचे सगळेच, गोळी असो वा नसो. वर्षातून एकदा बीपी, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, ईसीजी. चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी). धुरातलं काम आहे म्हणून फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी. कमरेला टेप लावा: आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटर ही हद्द, बाईला ८०. वजनकाट्यापेक्षा ही टेप जास्त बोलते.

एवढा आग्रह का, ते सांगते. अमेरिकेत १९९४ ते २००४ मध्ये ड्युटीवर गेलेल्या फायर जवानांची नोंद तपासली, तर ३९ टक्के मृत्यू हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने झाले होते. त्यातले ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझवताना, आणि आग विझवण्यात तर एकूण ड्युटीचा १ ते ५ टक्केच वेळ जातो. झोपेतून घंटा, नाडी एकदम १५०, वर उष्णता आणि घामाने घट्ट झालेलं रक्त. आधीच अरुंद झालेली नळी तिथे दगा देते. परतीच्या वाटेवर आणि स्टेशनवर पोचल्यावरही असे मृत्यू झाले आहेत. "आता सगळं संपलं" म्हणून लगेच आडवं होऊ नका. दहा मिनिटं सावकाश चाला, सूट उघडा, पाणी प्या.

बीपीच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर) नाडी वाढूच देत नाहीत. अशा माणसाची नाडी मोजून "हा दमला नाही" असं ठरवू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणखी कमी करतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून बदलून घ्यायची. गोळी लपवणाऱ्याला ओरडू नका, नाहीतर पुढचा कधीच सांगणार नाही.

चाचणीनंतर मनगटावर नाडी मोजा, मग एक मिनिट सावकाश चालून पुन्हा मोजा. पहिल्या मिनिटात ती १२ ठोक्यांनीही उतरली नाही तर तपासणी हवी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर: यातलं काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून थेट दवाखाना.

उष्णतेची सवय लावावी लागते. एप्रिलच्या सुरुवातीला सूट घालून २० मिनिटं हलकं काम, रोज ५-५ मिनिटं वाढवत ८ ते १० दिवस. दोन आठवड्यांची रजा झाली की सवय बरीच उतरते, परत आलेल्याला पहिल्याच दिवशी पुढे पाठवू नका. मोठ्या आगीत एक सिलेंडर संपला की कमीत कमी २० मिनिटं सावलीत बसवा, सूट काढून, कोपरापर्यंत दोन्ही हात बादलीतल्या गार पाण्यात. बाहेर आल्यावरही अंगातला ताप काही मिनिटं चढतच असतो. आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर आलं आहे असं समजा. तो दिवस घरी जायचा नाही, दवाखान्यात जायचा.

ताक_मीठ

मेसबद्दल थोडं. ड्युटीआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी घोट-घोट आत गेलं पाहिजे. कामाच्या ठिकाणी दर १५-२० मिनिटांनी एक पेला. घाम जास्त असेल तर ओआरएस, पाकीट लिहिलेल्या मापातच, साधारण एक लिटरला एक. अर्ध्या पाण्यात घोळलं तर पोट बिघडतं. स्टेशनवर परत आल्यावर मीठ घातलेलं ताक उत्तम, पण बीपीवाल्यांना मीठ बेताचं.

रात्रीचं जेवण आठपर्यंत आणि हलकं: भाकरी, उसळ, भाजी, दही. भरल्या पोटी मास्क लावून धावलं की उलटी मास्कमध्येच होते, आणि धुरात मास्क काढता येत नाही. सेव-उसळ आणि रविवारचं फाफडा-जलेबी सुट्टीच्या दिवशी खा, कोण नको म्हणतंय. ड्युटीच्या सकाळी नको, दोन तास सुस्ती राहते.

ड्रिल_टॉवर

वयाबद्दलचं राहिलं होतं. पंचेचाळिशीनंतर उड्या, दम तुटेपर्यंतच्या धावा आणि दोरावरून घसरत उतरणं सोडा. वजन उचलणं सोडू नका, उलट आठवड्यातून दोनदा हवंच, कारण या वयात पहिल्यांदा मांड्याच झिजतात. खेपा कमी, अंग गरम करायला १०-१२ मिनिटं जास्त. सुट्टीला पावागड जवळ आहे, माचीपासूनच्या पायऱ्या पाठीवर ८-१० किलो घेऊन चढा. उतरताना मात्र ते वजन कमी करा: पाण्याच्या बाटल्या न्या आणि वर रिकाम्या करा.

वॉच_बडोदे

डॉक्टरताई, दादा, सगळ्यांचे आभार. कमरेची टेप आणि नोंदवही या आठवड्यात आणतो, आधी डॉक्टर, मग चाचणी. एकच अडचण: चाचणीत १४ सिलेंडर रिकामे झाले आणि त्याच वेळी कॉल आला तर?

ड्रिल_टॉवर

गाडीवरच्या सेटला हात लावायचा नाही. चाचणीचे तीन सिलेंडर वेगळे काढा, मानेला पिवळी पट्टी गुंडाळा, हायड्रोची (सिलेंडरच्या दाब-चाचणीची) तारीख बघा. एका दिवशी तिघांचीच चाचणी, म्हणजे १४ जणांना पाच ड्युट्या. संपल्या संपल्या कॉम्प्रेसरला लावून ३०० बार झाल्याचं नोंदवहीत लिहा. भरताना सिलेंडर गरम होतो आणि गार झाल्यावर दाब १०-२० बारने उतरतो, म्हणून तासाभराने गेज पुन्हा बघून वरचा भरणा करा.